भाल्याची रेष

“रंग बघा, रंग! ताईंनी जीव ओतलाय हो चित्रात!” छापखानेवाला नमुन्यावर बोट आपटत म्हणाला. दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चित्र भाला फेकणाऱ्या पोरीचं होतं. मैदानाच्या दर्शनी भिंतीवर दोन मजले उंच लागणार होतं. पोरीच्या टाचेपासून भाल्याच्या टोकापर्यंत एकच रेष, मध्ये कुठेही टाक न उचलता ओढलेली. ही दादाची रेष. कुणाच्या बापाला जमत नव्हती. धाकटी बहीण काय करायची? त्याचा शाईचा कागद स्कॅन करायची आणि कॉम्प्युटरवर थर चढवायची. माती, धूळ, घाम, ऊन. आणि लोक तिच्याच पाया पडायचे. आयत्या बिळावर नागोबा!

हल्ली कागदावर रेष जरा केसाळ दिसायची, हे खरं. “कागद भिकार येतात, शाई फुटते,” दादा म्हणायचा. “स्कॅन केलं की बसते.” आणि बसायचीच. छापून आली की ओळंबा लावल्यासारखी सरळ.

छापखानेवाला गेला. दादा फिस्कारला, “तुझं नाव काढ. चित्रावर फक्त माझी सही राहील.”

धाकटीनं बटण दाबलं. नाव गेलं. “काढलं. चित्र तुझंच आहे, दादा.”

“उपकार करतेस?”

“चहा टाकते,” म्हणत ती खाली स्वयंपाकघरात गेली.

भांडली असती तर परवडलं असतं. ही तर तुकडा टाकल्यासारखं देऊन गेली! दादा तिच्या खुर्चीत बसला. मनाशी म्हणाला, थांब, आता माझा थर बंद करतो. रेष गेली की तुझे रंग म्हणजे पुसायचं फडकं. ये वर आणि बघ तुझी लायकी.

पडद्याच्या कडेला थरांची नावं होती. प्रत्येक नावापुढे एक बारीक डोळा. डोळा उघडा असला की थर दिसायचा, मिटला की लपायचा. सगळ्यात वर लिहिलं होतं ‘दादा’. त्या नावापुढच्या डोळ्यावर त्यानं माऊसचा बाण नेला आणि दाबलं.

रेष गेली नाही. उलट तिच्यावर आणखी एक रेष चढली. वाकडी, गांडुळासारखी वळवळणारी. भाला मध्येच लटपटला. पोरीची पोटरी फाटल्यासारखी दिसली.

“हे काय घाण केलंय हिनं!” त्यानं पुन्हा दाबलं. घाण गेली. भाला सरळ. पुन्हा दाबलं. पुन्हा गांडूळ.

मग त्याला कळलं. डोळा आधीपासूनच मिटलेला होता. उघडला होता त्यानं. ‘दादा’च्या खाली आणखी एक थर होता, बिननावाचा. त्यात शाईसारख्या काळ्याभोर रेषा होत्या. टाच ते टोक, एका दमात ओढलेली रेषही त्यातच.

माऊसवर त्याचा हात होता. पडद्यावरचा बाण जागच्या जागी थरथरत होता.

जिन्यात कपबश्या किणकिणल्या. दादानं घाईनं ‘दादा’चा डोळा मिटला. गांडूळ गेलं, आणि त्यासोबत त्यानं कागदावर केलेली सहीही गेली.

तरी चित्राच्या कोपऱ्यात सही होती. हुबेहूब त्याच्या वळणाची, शेवटच्या फराट्यासकट. जराही न हललेली.