माफीचा प्रवेश

थिएटरातले दिवे गेले तशी नटाची बायको खुर्चीत पुढे सरकून बसली. शेजारी नवरा होता. त्याच्या गाजलेल्या नाटकावरचा मूकपट आज लागला होता.

लग्नानंतर दोनच वर्षांत तापात तिचे कान गेले. माणसांचं बोलणं ती ओठांवरून ओळखायची, पण रंगमंच फार लांब पडायचा. एकटं टाकल्याबद्दल नायक बायकोची माफी मागतो, त्या प्रवेशाला गावोगावचे लोक रडले. तिला दिसले ते नुसते हातवारे. घरी म्हणून दाखवा म्हटलं, तर तो म्हणायचा, "अगं, ते काय घरी म्हणायचं असतं?" वर्षातले आठ महिने दौऱ्यावर असणाऱ्या या माणसाच्या तोंडून तिला ती माफी हवी होती. नाटकातली का होईना. दुधाची तहान ताकावर.

आणि तो प्रवेश आला. पडदाभर त्याचा चेहरा. डोळ्यांत पाणी, ओठ थरथरणारे. आता एकही शब्द सुटणार नव्हता.

"कॉलर काचतेय गळ्याला," ते ओठ समोरच्या नटीला म्हणत होते. "हे आटपलं की पत्त्यांचा डाव टाकू. छे, मला कसली घाई? घरी बोलायला आहे कोण?"

मूकपटात आवाज थोडाच उमटतो? तोंड हललं की काम झालं. मागोमाग पडद्यावर अक्षरं आली : 'मला क्षमा कर. मी तुला एकटं टाकलं.' पुढच्या रांगेतल्या बाईने रुमाल डोळ्यांना लावला. अख्खं थिएटर रडत होतं. नवऱ्याचा दंड तिच्या दंडाला लागलेला होता, तरी तिला फार एकटं वाटलं.

खेळ संपला, दिवे लागले. चार माणसांनी येऊन त्याचे हात हातात घेतले. मग तो तिच्याकडे वळला आणि तिला दिसेल असं सावकाश म्हणाला, "पाहिलास ना एकदाचा? कळलं का सगळं?"

"शब्द न् शब्द," ती म्हणाली.

तो खूश होऊन हसला आणि कोट चढवू लागला. एक हात बाहीत अर्धा गेला आणि तिथेच राहिला.