पांढरा ठिपका

मोबाइल टॉवरच्या कंपनीतला तो इंजिनिअर. आजवरच्या प्रत्येक सहलीचं त्याच्या फोनने वाटोळं केलं होतं. "या वेळी वाजला, तर आधी फोन दरीत जाईल, मागोमाग तुम्ही," बायकोने निक्षून सांगितलं. म्हणून त्याने ऑफिसात रेंजचा नकाशा उघडला आणि त्या हिरव्यागार पसाऱ्यातून एक पांढरा ठिपका हुडकून काढला. डोंगरातलं घनदाट जंगल, धबधबे, जळवा, आणि रेंजचं नाव नाही!

बायकोने जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे मोजे शिवले, शेजाऱ्यांची दुर्बीण मागून आणली. तो मात्र रोज डबा खाताना स्क्रीनवर तो ठिपका मोठा करून बघत बसायचा.

चार महिने आधीच रजा मागितली, तर साहेब चक्क हसले. "खुशाल जा रे. रोज त्या ठिपक्यात डोकं घालून बसतोस, मला काय दिसत नाही? तुझी तळमळ मी वरपर्यंत पोचवली आहे."

साहेब म्हणजे देवमाणूस, असं तो घरी येऊन म्हणालासुद्धा.

जंगलातल्या पहिल्याच सकाळी बायकोने श्वास रोखून दुर्बीण डोळ्यांना लावली, आणि त्याने फोटोंसाठी खिशात ठेवलेला फोन खणखणला. फांदीवरचा पक्षी भुर्रकन उडाला.

"हॅलो! तुझ्या ठिपक्यात कालच टॉवर सुरू झाला बघ. आवाज येतोय ना नीट?"



"येतोय, साहेब," तो म्हणाला, आणि बायकोने फोनसाठी पुढे केलेल्या हाताकडे बघत राहिला.