मंगळवारचे नळ

पावसाळ्यात जोमतिएनच्या किनाऱ्यावरची ती इमारत ओस पडायची. तिथे एकट्यानं राहणाऱ्या म्हाताऱ्या हालवर्डकडे समोरच्या फ्लॅटची मालकीण गुनिला स्वीडनला जाताना किल्ली ठेवून जायची. बंद घरातले पाइप कोरडे पडले की झुरळं वर येतात, म्हणून तो दर मंगळवारी तिथले नळ सोडायचा. आधी बेसिन, मग शॉवर, शेवटी स्वयंपाकघर. कुलूप लावताना म्हणायचा, "येतो हं, पुढच्या मंगळवारी."

खाली इमारतीच्या स्वागताच्या टेबलाशी बसणारी सुदा त्याला चिडवायची. "काका, रिकाम्या घराशी कसल्या गप्पा मारता?"

"ते निदान ऐकून तरी घेतं."

त्या मंगळवारी तिथलं काम उरकून तो आपल्या बाल्कनीत भात खात बसला होता. तेवढ्यात त्याच्याच घरात बेसिनचा नळ सुटला. मग शॉवर.

त्याचा चमचा हातातच राहिला.

मग स्वयंपाकघर.

"अहो, मी आहे घरात!" तो ओरडला.

नळ एकेक करून बंद झाले. बाल्कनीच्या काचेवर आतून कुणीतरी सावकाश पडदा ओढला.

"येते हं, पुढच्या मंगळवारी," दाराशी एक बाई मायेनं म्हणाली, आणि बाहेरून कुलपात किल्ली फिरली.