बाबांना सांग

कप बशीवर आपटला, टिंग, आणि स्वयंपाकघरातली शांतता तेवढ्यापुरती मोडली.

"भिंगरी, बाबांना सांग, चहा ठेवलाय."

बाबा टेबलाच्या पलीकडेच, हातभर अंतरावर बसले होते. भिंगरीने मान वळवली. "बाबा, चहा ठेवलाय."

"आईला सांग, दिसतोय."

सहा वर्षांच्या भिंगरीला हा खेळ आवडायला लागला होता. तिच्या आईला मात्र तो नकोसा झाला होता. पण माघार घ्यायची नाही, हे तिने ठरवून टाकलं होतं. अबोल्याचा आज नववा दिवस.

ती कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये अर्धा दिवस काम करायची. मेणात एकेक दात असा बसवायची की मालकांनी तिला पूर्ण वेळाचं काम आणि स्वतःचं टेबल द्यायचं ठरवलं. त्याच इमारतीत लिफ्ट दुरुस्त करायला गेलेल्या नवऱ्याने जिन्यातच मालकांना सांगून टाकलं, "मुलगी लहान आहे, हिला पूर्ण वेळ नाही जमायचं." टेबल दुसरीला मिळालं. तिला हे कळलं तेही मालकांच्या तोंडून.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात एक जोडपं उभं होतं. सोबत चाकांच्या चार बॅगा.

"वहिनी! पोचलो एकदाचे!" पुरुष तोंडभर हसला. "चार महिन्यांसाठी घराबाहेर पडलोय. मित्रमंडळींना भेटायचं, नवी गावं बघायची. तुमच्याकडे आल्याशिवाय परत जायचं नाही, हे तर नक्कीच होतं."

तिने मागे पाहिलं. नवरा हातात कप घेऊन उभा होता.

"भावोजी, बघत काय राहिलात? बॅगा घ्या की आत!" त्या माणसाची बायको म्हणाली.

नवऱ्याने मुकाट्याने बॅगा उचलल्या. जाता जाता त्याने असा काही कटाक्ष टाकला, की तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पाहुणे स्वतः बोलवायचे आणि वर डोळे मलाच वटारायचे! नोकरीचं परस्पर, आता पाहुण्यांचंही परस्पर. कधी बोलावलंस, किती दिवसांसाठी, असं विचारायला जीभ नुसती शिवशिवत होती. पण आधी बोलेल तो हरला. तिने फळीवरून आणखी दोन कप काढले.

पाहुण्यांना झोपायची खोली दिली. ती आणि भिंगरी सोफ्यावर, नवरा पॅसेजमध्ये, जमिनीवर. रोज सकाळी पाहुणे उकडलेली अंडी खाऊन, नकाशा घेऊन बाहेर पडायचे. संग्रहालय झालं, बंदर झालं, दीपगृह झालं. संध्याकाळी गरम पाण्यात पाय बुडवून काका दिवसभराच्या गमती सांगायचे. भिंगरी हसून हसून लोळायची. तिच्या हसण्यावर आईचा जीव विरघळायचा, आणि ते हसू कुणाच्या मित्रामुळे हे आठवलं की पुन्हा घट्ट व्हायचा.

सहाव्या दिवशी नवऱ्याने निरोप धाडला. "आईला विचार, हे अजून किती दिवस चालणार?"

"बाबांना सांग, ज्याने सुरू केलं त्याला ठाऊक."

"आईला सांग, मीही तेच म्हणतोय."

अंगाचा नुसता तिळपापड झाला तिच्या. आणि पाहुणा वर मीठ चोळायचा. "वहिनी, असा माणूस शोधून सापडायचा नाही. कामाला उशीर झाला तरी आम्हाला बंदरावर सोडून गेला बघा!"

तिने कढई दाणकन ओट्यावर ठेवली. मित्र मित्राची बाजू घेणार, दुसरं काय?

पाहुणी मात्र वेगळी निघाली. एकदा भाजी निवडता निवडता भिंगरीच्या आईच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. जिना, मालक, गेलेलं टेबल. इतक्या दिवसांत ती हे कुणापाशी बोलली नव्हती. पाहुणी ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "वहिनी, भावोजींचं चुकलंच."

त्याच दुपारी भिंगरीच्या आईने आपल्या बहिणीला फोन केला. बहीण चार तासांवरच्या गावात राहायची, तिथेही अशीच एक लॅब होती. ठरलं, पाहुणे गेले की तीही भिंगरीला घेऊन निघणार. परत यायचं तिकीट न काढता.

अठराव्या दिवशी पाहुण्यांनी बॅगा भरल्या. पुढचा मुक्काम नेमका बहिणीच्याच गावात.

"तिथे ओळखीचं कुणी नाही हो," पाहुणी म्हणाली. "लॉजवर उतरू कुठेतरी."

या घरात तिची बाजू घेतलेलं ते एकच माणूस. तिला राहवलं नाही. तिने बहिणीचा पत्ता लिहून दिला आणि बहिणीला कळवलं, "याचे मित्र आहेत. माणसं चांगली आहेत, चार दिवस ठेवून घे. मागोमाग मीही येतेच आहे."

सकाळी पाहुणे गेले. संध्याकाळी नवरा कामावरून आला, तेव्हा दारातच भरलेली बॅग उभी होती. तिने सत्तावीस दिवसांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत डोळे घालून तोंड उघडलं.

"माझं टेबल घालवलंस, ते घालवलंसच. वर मला न विचारता मित्र आणून बसवलेस. अठरा दिवस त्यांची उष्टी काढली मी, पोरीला घेऊन सोफ्यावर झोपले. तुझ्या मित्रांसाठी! बास झालं. आम्ही चाललो."

हत्यारांची पिशवी खाली ठेवायचंही नवऱ्याला सुचेना.

"माझे मित्र?" तो म्हणाला. "अगं, डोकं माझंही फिरलं होतं. पण त्या टेबलाचं माझं चुकलं होतं, म्हणून एक अक्षर बोललो नाही. पाठ मोडेस्तोवर जमिनीवर झोपलो, तुझी मैत्रीण आहे म्हणून!"

"माझी मैत्रीण?" तिने विचारलं.

आतल्या खोलीत फोन वाजला. भिंगरी धावत गेली, आणि रोजच्या सवयीने निरोप घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"आई, काका-काकू पोचले. मावशी हळूच विचारतेय, त्यांचं आडनाव काय?"