काचेच्या आतून

गुणमाला पाटील पंचवीस वर्षं पेस्टलनं माणसं काढत आली होती. रंग पक्का करणारा फवारा तिनं कधी मारला नाही. कागद आणि काच यांच्यात बोटभर जागा सोडली की रंगाची हलायची बिशाद नाही, असं ती छातीठोक सांगायची.

सांगलीच्या प्रदर्शनात बनुबाईचं चित्र मधोमध होतं. हळदीच्या गोदामात जन्म घालवलेली बाई, पिवळेधमक हात मांडीवर ठेवून बसलेली.

उद्घाटनाच्या सकाळी काचेवर पिवळे डाग दिसले. गुणमालानं पुसले, पण निघेनात. डाग आतून होते. फ्रेमवाल्या भूपालनं काच काढली, लख्ख पुसली, परत बसवली.

"आता न्हाई यायचे, ताई."

दोघं चहा पिऊन आले, तर डाग पुन्हा उमटलेले. या वेळी दहा. बोटांचे.

गुणमाला चित्राजवळ वाकली. बनुबाईच्या बोटांची टोकं झिजून खालचा कोरा कागद दिसत होता.

"लय झ्याक काढलंयसा, ताई." मागं खुद्द बनुबाई उभी होती. "पर सकाळधरनं बोटास्नी काय बी कळंना झालंय बघा."

तिनं हात पुढं केले. त्या पिवळ्या हातांच्या बोटांची दहाही टोकं कोरी होती.