मामांचा बंदोबस्त

"इतकी वर्षं तुम्ही त्या टेकडीवर करत काय होता?" नगरपालिकेच्या साहेबांनी टेबलावर पेन आपटलं, आणि टेकडीचे रखवालदार मामा उभे राहिले.

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला हेल्मेटं मांडीवर घेऊन बसलेले गाडीवाले. जाड टायरच्या, चिखलातून उड्या मारणाऱ्या मोटारसायकली त्यांच्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: आम्हाला कायद्याने मोकळी अशी एक जागा द्या, म्हणजे चोरून चालवायला नको. समोर टेकडीच्या पायथ्याचे रहिवासी. त्यांचं म्हणणं त्याहून साधं: द्या जागा, पण आमच्या डोक्यावर नको.

"सकाळी पांढरी चादर वाळत घालते," निवृत्त मास्तरीणबाई म्हणाल्या, "दुपारी खाकी काढते. घरात झोपते की पोलीस चौकीत, तेच कळेनासं झालंय."

आणि मधोमध मामा, जीव मुठीत धरून. साहेबांनी आदल्याच दिवशी त्यांना दम भरला होता, "टेकडी राखता येत नसेल, तर गोदाम राखा." ते गोदाम मामांनी पाहिलं होतं. खिडकी नाही, वारा नाही, नुसते झाडू आणि फिनेल. उभा जन्म उघड्यावर काढलेल्या माणसाला ती जन्मठेपच.

"साहेब," मामा म्हणाले, "काय केलं नाही, ते विचारा."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. गाड्या पहिल्यांदा वर आल्या, तेव्हा त्यांनी वाटेवर ओंडका आडवा टाकला. ओंडका असा, की ढकलता ढकलता मामा तर दमलेच, पण त्यांची सावलीसुद्धा टेकून बसली. गाडीवाले त्याच्यावरून उडी मारून गेले. मग मामांनी खड्डा खणला. इतका खोल, की आत हाक मारली तर उत्तर जेवून-खाऊन वर यायचं. गाडीवाले खड्ड्यात उतरले आणि पलीकडून बाहेर आले. मग मामांनी उतारावर पाणी सोडून चिखल केला. वळणावर मातीचे उंचवटे घातले. अरुंद फळ्या टाकल्या, बाजूने धोंडे रचले. गाड्या वाढतच गेल्या. मामांचा हिशेब सरळ होता. गाड्या वाढल्या, म्हणजे अडथळे कमी पडले.

"टेकडीचं एवढं कौतुक करता," बायको म्हणायची, "घराचा उंबरा तेवढा बसवा की नीट!" पण मामांना फुरसत कुठली!

"शेवटी दर शनिवारी मी सगळं मोडून नव्याने मांडायला लागलो," मामा म्हणाले. "म्हटलं, आता बघू कसे येतात."

"मग?"

"दुप्पट आले, साहेब. परगावाहूनसुद्धा."

गाडीवाल्यांनी माना खाली घातल्या. त्यांचे खांदे हलत होते. निदान लाज तरी वाटली मेल्यांना, असं मामांना वाटलं आणि जरा बरं वाटलं.

साहेबांनी कपाळ चोळलं, नकाशा उलगडला आणि निकाल दिला. गावाबाहेर, बंद पडलेल्या वीटभट्टीमागचं मैदान गाड्यांसाठी मोकळं. जवळपास घर नाही, शेत नाही, कोल्हासुद्धा वाट चुकला तरच तिकडे जाणार. "चालवा तिथे, कायद्याने. टेकडीवर मात्र पुन्हा चाक दिसता कामा नये."

मास्तरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. पायथ्याची सगळी मंडळी त्यांच्यामागे वाजवू लागली. मामांनी सुटकेचा श्वास घेतला. तो अर्धाच घेऊन झाला होता, तेवढ्यात साहेब म्हणाले, "आणि गाड्याच नाहीत, तर टेकडीला रखवालदार कशाला? मामा, सोमवारपासून गोदाम."

मामा मटकन खाली बसले. सगळी लढाई जिंकली होती, आणि हरलं कोण, तर आपणच! त्यांच्या नाकात आत्तापासूनच फिनेल भरायला लागलं.

पण गाडीवाल्यांच्या बाजूने एकही टाळी वाजली नव्हती. त्यांच्या म्होरक्या उठल्या. या दातांच्या डॉक्टरीणबाई. आठवडाभर लोकांचे दात सांभाळायच्या आणि रविवारी स्वतःचे पणाला लावायच्या.

"साहेब, ते मैदान आम्ही पाहिलंय," त्या म्हणाल्या. "तळहातासारखं सपाट आहे. तिथे चालवता चालवता झोप लागेल."

"म्हणजे टेकडीच हवी?" साहेबांचा आवाज चढला.

"छे! नुसत्या टेकडीत काय आहे?"

"अहो बाई, मैदान नको, टेकडी नको. मग गाड्या काय माझ्या टेबलावर चालवणार?"

हॉल हसला. डॉक्टरीणबाईही हसल्या. मग त्या मामांकडे वळल्या. सगळे गाडीवाले मामांकडेच बघत होते, आणि आता त्यांच्या माना खाली नव्हत्या.

"त्या टेकडीवर आम्ही एकदाच येऊन जाणार होतो, साहेब. नुसती चढण, नुसता उतार. कंटाळून परत निघालो होतो. तेवढ्यात मामांनी ओंडका टाकला."

मास्तरीणबाईंनी तोंडावर पदर धरला, पण हसू काही त्यांना आवरेना.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जागा तुम्ही म्हणाल ती चालेल, साहेब. फक्त आम्हाला अडवायला मामा द्या."