न झिजलेलं जस्त

भाचीच्या पत्राला मामांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र येऊन वर्ष होत आलं होतं.

‘आईला विचारलं की ती नाहीच म्हणते,’ भाचीनं लिहिलं होतं. ‘तुम्ही फोनवर “हं”च्या पुढे जात नाही, निदान कागदावर तरी बोला. मी तिकडे बदली मागू का? आईची तब्येत बरी नसते. तुम्हा दोघांना मदत होईल.’

मामा लिहायला बसत, ‘चि.’पर्यंत पोचत आणि आपण कोण सांगणारे, असं वाटून पुस्तकात डोकं घालत.

भाचीची आई म्हणजे मामांची धाकटी बहीण. ती लहानपणी गुबगुबीत होती, म्हणून घरात थट्टेनं तिला चिमणी म्हणत. नवरा गेल्यावर ती मामांकडे राहायला आली आणि हळूहळू ते नाव खरं होत गेलं. मामांनी घरातले जुने नळ बदलले, टाकी घासून घेतली, पाणी तपासून आणलं. धातूच्या वस्तू का मोडतात हे शोधण्यातच त्यांची नोकरी गेली होती, त्यामुळे संशय आधी नळांवरच गेला. पाणी स्वच्छ निघालं.

“रिपोर्ट सगळे चांगले आहेत, फक्त वजन उतरतंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आणि तुम्ही हो मामा? या वयात ना चष्मा, ना कवळी. खाता तरी काय?”

“माझं डोकं खातो,” चिमणी अंथरुणातून म्हणाली. तिघंही हसली.

त्याच आठवड्यात जुन्या ऑफिसनं मामांना गोदीत बोलावलं. एका प्रवासी बोटीच्या सुकाणूचा दांडा भर पाण्यात मोडला होता. किनारा जवळ होता म्हणून माणसं वाचली.

मामांनी मोडलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला. कडेला गंजानं खड्डे पाडले होते आणि त्यातल्याच एकातून तडा आत शिरला होता. शेजारी पोलादावर बसवलेले जस्ताचे ठोकळे मात्र कालच दुकानातून आणल्यासारखे होते.

“ठोकळे बघा कसे ठणठणीत,” कप्तान कौतुकानं म्हणाला. “दर वर्षी स्वतःच्या हातानं रंग देतो त्यांना.”

“तिथंच घोळ झाला.” दुसऱ्याची चूक दाखवताना मामांनाच लाज वाटे. “रंग पोलादाला द्यायचा. जस्त उघडं ठेवायचं. खारं पाणी काहीतरी खाणारच. जस्त जोडलेलं असलं की पाणी आधी जस्ताला खातं, पोलाद वाचतं. ठोकळा झिजला नाही, याचा अर्थ त्यानं काम केलं नाही.”

“आमच्या थोरल्या वहिनीसारखं म्हणा की! ती वाळतेय आणि आम्ही गुटगुटीत.” कप्तान मोठ्यानं हसला. “आणि ठोकळा संपला की?”

“संपायच्या आधी दुसरा बसवायचा.”

घरी येऊन मामांनी हे चिमणीला सांगितलं. ती हसली नाही.

“दादा, आधी आई तुझ्याजवळ राहायची. आजार काही नाही, नुसती वाळत गेली. मग तुझं लग्न झालं, वहिनीही तशीच गेली. मग मी आले. एवढ्या वर्षांत तुझं नख तरी दुखलं का रे?”

“अगं, योगायोग. माणसं काय धातूची असतात?”

“नसतील. पण माझ्या पोरीच्या बाबतीत मला योगायोगही नको.”

हा विचार बोटीपाशीच मामांच्या मनाला शिवून गेला होता आणि स्वतःला वेडा म्हणून त्यांनी तो झटकला होता.

“तिला स्पष्ट लिही, येऊ नकोस म्हणून. माझ्यासमोर लिही.”

मामांनी लिहिलं. चिमणीनं ते मोठ्यानं वाचायला लावलं आणि पाकीट स्वतः चिकटवलं.

“टाकशील ना?”

“उद्या टाकतो.”

पण त्याच रात्री तिची शुद्ध हरपली आणि दोन दिवसांत ती गेली. त्या धावपळीत पाकीट खणातच राहिलं. भाची आली, रडली, आईच्या साड्यांच्या घड्या घातल्या आणि निघताना दारात थबकली.

“मामा, आता तर तुम्ही अगदीच एकटे. येऊ ना मी?”

तिच्या मनगटावर बांगड्या घट्ट बसल्या होत्या. मामांनी नजर वळवली. “पत्र पाठवतो.”

“म्हणजे पुढच्या जन्मी!” ती ओल्या डोळ्यांनी हसली.

“नाही गं. लिहून तयार आहे.”

ती गेल्यावर मामांना हलकं वाटलं. आयुष्यात एक गोष्ट तरी आपण धड करणार होतो. जे व्हायचं ते आपलं एकट्याचं होईल.

थोड्याच दिवसांत एका सकाळी शर्टाची बटणं लागेनात. बोटं वाकत नव्हती. मग पाव चावताना एक दात सुटून हातात आला. मनगटावर तांबूस डाग उठला. त्यांनी तो चोळला, तर कातडीचा पापुद्रा जुन्या रंगासारखा उचलला गेला आणि त्याखाली बारीक खड्डा दिसला.

“वयाचं आहे हो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आता तरी म्हातारे व्हा!”

मामा घरी येऊन बराच वेळ टेबलापाशी बसले. मग भिंतीचा आधार घेत जिना उतरले आणि नाक्यावर गेले. पोस्टमन पेटी रिकामी करत होता.

“मामा, तुम्ही आणि पत्र?”

“भाचीला. फार दिवस राहिलं होतं.”

“म्हातारपणी माणसानं एकटं राहू नये. बोलावून घ्या तिला.”

“हं,” मामा म्हणाले आणि त्यांनी पाकीट त्याच्या पिशवीत टाकलं.

आतल्या कागदावरची शाई अजून पुरती वाळली नव्हती: ‘पोरी, आईची खोली झाडून ठेवतो आहे. बदलीची वाट बघू नकोस, लगेच ये.’